पूजेला मांडलेली फ्लॉपी

कोंडाबाई मधाळेनं देवाकडं कधी काही मागितलं नाही. ती लग्न होऊन निपाणीत आली त्याच साली सासऱ्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला आणि भिंतीला बुद्धाची तसबीर लावली. तेव्हापासून मागायचं ते माणसाकडं. लेकीकडं तिनं एकच मागितलं होतं.

"काय बी कर मालू, पर वखारीत येऊ नगंस."

वखार म्हणजे तंबाखूची. निपाणीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगायला हवं. लांबट अंधाऱ्या खोलीत बायका रांगेनं बसतात, तंबाखू बडवतात, चाळतात, आणि जी भुकटी उडते ती नाकातोंडातून पोटात जाते. संध्याकाळी घरी आलेल्या बाईनं लेकराला जवळ घेतलं तर लेकरू शिंकत सुटतं. कोंडाबाईचा खोकला मालूच्या जन्माआधीपासूनचा. बाप सिद्राम तंबाखूची बोदं पाठीवर वाहता वाहता एक दिवस वखारीच्या दारातच बसला, तो उठलाच नाही. म्हणून मालूला भुताची भीती नव्हती, मास्तरची नव्हती, वखारीची होती. शाळेत नापास व्हायची वेळ आली की तिच्या नाकाला तंबाखूचा वास यायचा.

ती मॅट्रिक झाली, इंग्रजी टायपिंग शिकली, आणि तंबाखू पिकवणाऱ्यांच्या एका सहकारी संघात राखीव जागेवर टायपिस्ट म्हणून लागली. पगार सुरू झाला तशी कोंडाबाईनं वखार सोडली. संघाचं नाव इथं घेत नाही. असे संघ या पट्ट्यात बरेच होते आणि सगळ्यांचं वागणं एकाच साच्यातलं. दोन वर्षं नोकरी कच्ची, मग पक्की. मालूची मुदत अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत संपणार होती. तोवर काही चूक झाली तर कारण न दाखवता घरी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बेळगावहून शामू आला. शहापुरातल्या मागवाल्या घरचा माणूस, तिशी ओलांडलेला, अंगात पांढरा बुशशर्ट. त्याच्या घरी खाली अजून इरकली लुगड्यांचे माग खडखडत होते आणि वरच्या माडीवर ह्यानं कॉम्प्युटरचं दुकान थाटलेलं. संघानं सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर घेतला होता, पण नुसतं मशीन घेऊन काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. शामूनं सूटकेस उघडली आणि संचालकांच्या टेबलावर रंगीत खोकी एकेक करून पसरली, साडीवाल्यानं पदर उलगडून दाखवावा तशी.

"ह्ये जमाखर्चाचं पॅकेज. ह्ये पगाराचं. ह्ये गोदामाचं, माल आला किती, गेला किती. ह्यात पत्रं टाइप करायची. आणि ह्यात नुसती कोष्टकं, एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलती."

"आमच्या संघासाठी मुद्दाम केलेलं कुठलं?" चेअरमननी विचारलं.

"मुद्दाम न्हाय साहेब. मुद्दाम करायचं म्हणजे शिंप्याला माप देऊन शिवून घ्यायचं. वरीस जाईल. ह्ये तयार, टांगलेलं. घालायचं आणि चालाय लागायचं. बाही लांब झाली तर दुमडायची."

संचालक हसले. मग शामूनं दोन खोकी वेगळी काढली. जमाखर्चाचीच, पण एक कंपनी-दुकानांसाठी आणि एक सरकारी कचेऱ्यांसाठी. आता प्रश्न असा, की सहकारी संघ हे दुकान की कचेरी? अनुदान घेताना कचेरी, माल विकताना दुकान. यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी सेक्रेटरी भरमगोंडा पाटील म्हणाले, "फरक काय ते सांगा."

"सरकारीत एकदा लिवलं की सहज खोडता येत न्हाय. दोन माणसांनी मान्य करावं लागतंय, वर खोडल्याची खूण ऱ्हाती. कंपनीच्यात खोडलं की गेलं. एक माणूस बास."

चेअरमननी पान तोंडात सारलं आणि म्हणाले, "कंपनीचं द्या."

सरकारी खोक्यात मूळ फ्लॉप्या दोन होत्या, कारण सरकारला सगळं दोन प्रतींत लागतं. कंपनीच्या खोक्यात एकच.

मशीनला हात लावायला कुणी तयार नव्हतं. कारकुनांना वाटायचं, बटण चुकलं तर सगळी वखार जळंल. हेडक्लार्क आण्णाप्पा मगदूम, सगळे त्यांना आप्पा म्हणत, हिशेबाला पक्के, स्वभावानं मऊ, पण तेही म्हणाले, "मालूबाई तरणी हाय, तिलाच शिकू द्या." ह्यात माया थोडी आणि हिशेब जास्त होता. बिघडलं तर बिघडवणारी तयार. मालूला हे कळत होतं. ती न शिकली असती तर "ह्येंच्यात डोकंच नसतंय" हे ऐकावं लागलं असतं. ती शहापूरला जाऊन, खालच्या मागांच्या खडखडाटात, शामूकडं शिकून आली आणि पावसाळा सरेस्तोवर संघाचा सगळा जमाखर्च मशीनवर चढवला.

त्या पॅकेजला एक खोड होती. ते मशीनच्या पोटात भरलं तरी रोज सकाळी मूळ फ्लॉपी एकदा खाचेत घालून दाखवावी लागे. ती दिसली तरच पॅकेज उघडे. नक्कल चालत नसे. एकानं विकत घ्यायचं आणि दहा जणांनी फुकट वापरायचं, हे होऊ नये म्हणून कंपनीनं घातलेलं कुलूप ते. फ्लॉपी म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी, काळी, वाकणारी चकती-पिशवी. तिच्या एका बाजूला लांबोडकी खिडकी, त्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. तिथं बोट लावायचं नाही, हे शामूनं मालूला पहिल्याच दिवशी बजावलेलं. फ्लॉपी तिजोरीत आप्पांकडं असे. सकाळी ते देत, काम संपलं की मालू परत करी.

अठ्ठ्याऐंशीची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, लोहार ऐरण पुजतो, संघानं काटा, शिक्के, टाइपरायटर, जीपची किल्ली पुजायची. दुपारी पाट मांडायला सुरुवात झाली तसे आप्पा मालूजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यात न्हाय ह्ये. तुम्ही जावा घरला. उद्या दसऱ्याची सुट्टीच हाय."

मालूलाही ते बरंच वाटलं. दसऱ्याला विहारात कार्यक्रम होता, साडीला इस्त्री करायची होती. तिनं मशीनवर कापड घातलं, फ्लॉपी कागदी पाकिटात घालून आप्पांच्या हातात दिली आणि निघाली.

सणानंतर पहिल्या सकाळी तिनं मशीन लावलं. आप्पांनी दिलेली फ्लॉपी खाचेत घातली, खटका खाली ओढला. एरवी आतून गुरगुर ऐकू यायची आणि पडदा उजळायचा. त्या दिवशी वाळूत चाक फिरावं तसा आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: मूळ फ्लॉपी घाला. तिनं काढली, पुन्हा घातली. पुन्हा तीच वाळू. तीच ओळ.

तिनं फ्लॉपी उजेडात धरली. खिडकीच्या कडेला पिवळा कण अडकला होता. आत तपकिरी चकतीवर तांबूस गोल ओरखडा. नाकाजवळ नेली तर हळदीचा वास.

काय झालं ते मालूला लगेच कळलं. आणि जे कळलं ते बोलता येणार नाही, हेही त्याच दमात कळलं. पूजेनं मशीन बिघडलं. हे वाक्य ह्या हापिसात कुणीही बोललं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. ते बौद्धाच्या पोरीनं बोललं तर काय होईल? दोन वर्षांपूर्वी भाषेच्या चळवळीत ह्याच पट्ट्यात लाठ्या चालल्या होत्या. सकाळी एका टपरीवर निघालेली गोष्ट दुपारपर्यंत काय होऊन परत येते, ते तिनं पाहिलं होतं. आणि गप्प बसावं तर मशीनला हात लावणारी संघात ती एकटी.

ती आप्पांकडं गेली. "आप्पा, पॅकेज उघडंना."

त्यांनी फ्लॉपी घेतली, खिडकीकडं पाहिलं, आणि नजर तिथून काढून घेतली. मग सगळ्या हापिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय केलीस गं ह्ये?"

लेखण्या थांबल्या. माना वळल्या. त्या एका प्रश्नानं निकाल लागला होता.

पाटील सेक्रेटरींनी ऐकून घेतलं. त्यांची काळजी वेगळीच होती. सोमवारी चिकोडीहून सहकार खात्याचा ऑडिटर येणार होता, आणि वर्षभराचा जमाखर्च मशीनच्या पोटात. त्यांनी बेळगावला ट्रंक कॉल लावला. दुसऱ्या दिवशी शामू आला. त्यानं मशीन उघडलं, आतला वाचणारा दांडा कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसला. बोळा पिवळा झाला. त्यानं तो मुठीत दाबला आणि पाटील साहेबांना एवढंच म्हणाला, "फ्लॉपी खराब झालीया. नवी बेंगळूरहून आणावी लागंल."

नंतर व्हरांड्यात त्यानं मालूला गाठलं.

"बाई, घाबरू नका. तिकडं बेंगळूरला आयुधपूजा केवढी मोठी असती. दर दसऱ्यानंतर अशा पिवळ्या फ्लॉप्या येत्यात कंपनीकडं. एक ओळ लिवायची, पूजेत हळद लागली म्हणून. खाली हापिसच्या मुख्याची सही-शिक्का. सोबत खराब फ्लॉपी. फुकट नवी देत्यात."

"कारण खरंच लिवाय पायजे?"

"व्हय. ते तपासून बघत्यात. खोटं लिवलं तर चोरून नक्कल मारताना बिघडवली म्हणत्यात आणि नवी विकत घ्या म्हणत्यात."

"मग तुमीच सांगा की साहेबास्नी."

शामूनं रस्त्याकडं पाहिलं. "मला अजून चार संघास्नी पॅकेज विकायचं हाय, बाई. आरती तुमच्या चेअरमननी केलीया म्हणं. मी कशाला मधी तोंड घालू?" आणि तो बेळगावच्या गाडीला गेला. पोटाची भीती कुणाला नसते, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सूटकेस घेऊन फिरणारा माणूस तेवढं एक वाक्य बोलला असता तर पुढचे दिवस एका बाईला तसे काढावे लागले नसते, हेही खरं.

शुक्रवारी साहेबांनी मालूला आत बोलावलं. "बेंगळूरला पत्र पाठवायचंय. टाइपरायटरवर घे."

संघात टायपिस्ट ती एकटी. तिनं टाइपरायटरवर कागद चढवला. साहेब खिडकीशी उभे राहून इंग्रजीत सांगू लागले. महोदय, आपल्याकडून घेतलेल्या पॅकेजची मूळ फ्लॉपी निकामी झाली आहे. आमच्या ऑपरेटर, कुमारी एम. एस. मधाळे, यांच्या हलगर्जीपणामुळे हे नुकसान झाले असून...

मालूची बोटं स्वतःच्या नावापर्यंत गेली आणि थांबली.

"पुढं," साहेब म्हणाले.

"साहेब, मी काय बी केलं न्हाय."

"मग मशीननं केलं व्हय? पुढं घे. खाली तुझी कबुलीची सही लागंल. सोमवारी ऑडिटर यायच्या आत पायजे. सही केलीस तर मी बाहेर विषय वाढू देत न्हाय. न्हाय केलीस तर संघाच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून पोलिसात द्यावं लागंल. इचार कर."

तिनं ते पत्र पूर्ण टाइप केलं. दुसरं काय करणार? स्वतःच्या मानेचा दोर स्वतः वळायचा, आणि त्यात एकही चूक करायची नाही, कारण चूक झाली तर तीही हलगर्जीच.

तोवर बाजारात गोष्ट पोचली होती, आणि उलटी होऊन पोचली होती. टपरीवर लोक म्हणत होते, संघाचं मशीन कोपलं. ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं असतंय. ती बया पूजेला थांबलीच न्हाय, उठून गेली. कुणी म्हणे, जाताना मशीनवर कापड टाकून गेली, दिवा दिसू नये म्हणून. कुणी म्हणे, कायतरी केलं असंल, ह्येंच्या मनात राग असतोयच की. शनिवारी सकाळी सायकलवरचे दोघे गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि नळावरच्या बाईला विचारलं, "मधाळ्यांची मालू कुठली?" तिनं घर दाखवलं. ते आले नाहीत. नुसते पाहून गेले. ते आले असते तर निदान काय ते कळलं असतं.

कोंडाबाईनं भर दिवसा दाराला कडी घातली.

"सही करून टाक," ती म्हणाली. "मोठ्या माणसांशी वैर नगं. त्ये पोलिसाचं नगं आपल्याला. नोकरी गेली तर गेली. दुसरं मिळंल कायतरी."

"दुसरं काय, आई?"

कोंडाबाईला खोकल्याची उबळ आली. निपाणीत त्यांच्या गल्लीतल्या बाईला दुसरं म्हणजे काय, हे दोघींना माहीत होतं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. कोंडाबाईनं मालूचा दंड धरला. पुन्हा थाप, हळू. "मी हाय. आण्णाप्पा."

आण्णाप्पा मगदूम ह्या गल्लीत जन्मात आले नव्हते. टोपी हातात घेऊन ते आत आले, लोखंडी खुर्चीच्या कडेवर बसले. कोंडाबाईनं चहा टाकला. त्यांना नको म्हणता येईना.

"मालूबाई, सही करून टाका," ते म्हणाले. त्या दिवशी हापिसात गं; इथं पुन्हा अहो-जाहो. "तुम्ही तरण्या हाईसा. शिकल्याल्या. कुठंबी लागशीला. माझी थोडी वर्सं ऱ्हायल्यात. पोराला संघात लावतो म्हणल्यात चेअरमन. ह्या वयात माझ्यावर आलं तर..."

"आप्पा, मी पाकिटात घालून दिलती तुमच्याकडं. पाकिटातनं का काढलासा?"

आप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी पाकिटासकटच मांडलती पाटावर. पाकिटाला हळद-कुंकू लावलं. तर चेअरमन म्हणाले, अहो आप्पा, म्यानाला कोण कुंकू लावतंय? पातं काढा भाईर. आता विळा पुजताना आपण पात्यालाच लावतो न्हवं? मुठीला न्हाय, म्यानाला न्हाय. मग मी काढली. तीबी सगळी काळीच. म्हणलं, ह्येचं पातं कुठं? ती खिडकी दिसली, आतलं उघडं. म्हणलं, हेच. तिथं बोट टेकवलं. वरनं अक्षता, नारळाचं पाणी. नंतर धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवली. माझ्या मनात वाईट न्हवतं, बाई."

"मला म्हाईत हाय."

"तुम्ही माझं नाव घेतलं तर मला चेअरमनचं घ्यावं लागंल. आणि त्येंचं घेतलं तर मी संपलो."

मालूला राग यायला हवा होता. आला नाही. समोर बसलेला माणूस तिच्याइतकाच घाबरलेला होता. फरक इतकाच की त्याला घाबरून पाठीमागं सरकायला तिची जागा होती. तिच्या पाठीमागं भिंत.

"आप्पा, तुमचं नाव मी घेणार न्हाय," ती म्हणाली. "पर माझंबी घेणार न्हाय."

त्यांना ते नीट कळलं नाही. त्यांनी चहा संपवला, कप कुठं ठेवावा हे न कळून हातातच धरून बसले, मग कोंडाबाईनं तो घेतला. जाताना दारात वळून म्हणाले, "चहा चांगला झालता." कोंडाबाईनं कडी घातली.

सोमवारी मालू हापिसला निघाली. चौकात कुणीतरी हसलं. तिच्यावरच हसलं की आणखी कुणावर, हे कळायला मार्ग नव्हता. हापिसात पोचल्यावर ती आधी टाइपरायटरवर बसली, एक कागद टाइप केला आणि मग साहेबांच्या खोलीत गेली. आप्पा तिथं आधीच उभे होते. टेबलावर शुक्रवारचं पत्र, त्यावर पेन.

"कर सही," साहेब म्हणाले. "ऑडिटरची जीप इतक्यात येईल."

"ह्यावर न्हाय करत साहेब. दुसरं आणलंय मी."

तिनं आपला कागद पुढं ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. खंडेनवमीस कार्यालयात यंत्रपूजा झाली, त्या वेळी मूळ फ्लॉपीला हळद लागून ती निकामी झाली. कृपया बदलून द्यावी. खाली सेक्रेटरींच्या सहीची जागा. ती भराभर बोलली, मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"ह्यात माझं नाव न्हाय, साहेब. कुणाचंच न्हाय. हळद लागली एवढंच. कुणी लावली ह्ये बेंगळूर इचारत न्हाय. त्येंच्याकडं दर दसऱ्याला अशा येत्यात, शामूनं सांगितलंय. खरं कारण लिवलं तर फुकट देत्यात. तुमच्या पत्रात खोटं हाय, त्ये फ्लॉपी तपासणार आणि हळद सापडणार. मग संघानं खोटं लिवलं असं हुईल."

भरमगोंडा पाटलांनी कागद वाचला. एकदा वाचून खाली ठेवला, पुन्हा उचलला. पूजेनं नुकसान झालं असं स्वतःच्या सहीनं लिहायचं, आणि उद्या कुणी संचालकानं फाइल उघडून विचारलं की पाटील, धर्माला दोष देता व्हय, तर? ते मालूकडं पाहत होते, पण पाहत होते तिच्या पलीकडं.

"ह्ये चालायचं न्हाय," ते म्हणाले. "सण, पूजा, ह्ये शब्द कागदावर नकोत. आप्पा, तुम्ही होता तिथं. तुम्हीच सांगा हिला. फ्लॉपीला कुणी हात लावलता का?"

मालूनं आप्पांकडं पाहिलं नाही. पाहवेना. बाहेर रस्त्यावर गाडीचा आवाज आला आणि पुढं निघून गेला. ऑडिटर नव्हता.

आप्पांनी टोपी काढली. "हळद मी लावली साहेब," ते म्हणाले. "चेअरमन साहेब म्हणाले पातं भाईर काढा, म्हणून मी..."

"साकु," साहेब एकदम कानडीत म्हणाले. पुरे. त्यांनी दाराकडं पाहिलं, दार बंद आहे ना ह्याची खात्री केली. चेअरमनचं नाव खोलीत आलं होतं, आता ते जितकं कमी वेळ खोलीत राहील तितकं बरं. "चेअरमन साहेबांचं इथं काय काम न्हाय. तुम्ही काय बोलला न्हाईसा, मी काय ऐकलं न्हाय."

त्यांनी मालूचा कागद ओढला आणि सही केली. शिक्का स्वतःच मारला, कुणाला हाक न मारता. शुक्रवारचं पत्र चार तुकडे करून कोटाच्या खिशात घातलं.

ऑडिटर आला. मशीनवरचा हिशेब त्यानं मागितलाच नाही, हातानं लिहिलेल्या जुन्या वह्या पाहून, जेवून गेला. बेंगळूरहून नवी फ्लॉपी आली, सोबत छापील चिठ्ठी: बदलून दिली आहे. एवढंच. ज्या गोष्टीपायी एका घराला दिवसा कडी लागली होती, ती तिथल्या माणसाला रोजच्या टपालातली.

पण गोष्ट एवढ्यावर मिटली असती तर सांगायचं कारण नव्हतं. दिवाळी आली, गेली, मालूच्या पक्क्या नोकरीचा हुकूम आला नाही. साहेब म्हणत, "बघू." आप्पा तिच्याशी बोलत, पण डोळ्याला डोळा देत नसत. टपरीवर अजून कुणीतरी म्हणायचं, तीच ती. मग कारकुनांत कुजबूज झाली, की मुदत आणखी वर्षभर वाढवणार. वर्षभर म्हणजे पुढचा दसरा, पुढची हळद, पुढचा प्रश्न, काय केलीस गं. कोंडाबाईनं पुन्हा तोंडाला पदर बांधून वखारीत जायला सुरुवात केली होती. दुखणं वाढलं होतं तरी. "कुणीतरी एकटं तरी पक्कं असावं," ती म्हणाली. ते ऐकून मालूला रात्रभर झोप लागली नाही.

थंडीत एक दिवस ती साहेबांच्या खोलीत गेली. परवानगी विचारून, दाराशीच उभी राहून.

"साहेब, मुदत वाढवणार असशीला तर वाढवा. मी कामाला न्हाय म्हणत न्हाय. तेवढं कारण लिवून द्या."

"कसलं कारण?"

"का वाढवली त्येचं. राखीव जागा हाय, खातं इचारणार. दोन ओळी बास. मी टाइप करून आणू?"

भरमगोंडा पाटलांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. कारण लिहायचं म्हणजे कुठलं लिहायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागच्या दोन ओळींच्या पत्राची प्रत फाइलमध्ये होती, त्यांच्याच सहीची. नवं कारण लिहिलं की दोन्ही कागद शेजारी शेजारी बसणार, एकात दोष हळदीचा, दुसऱ्यात मालूचा. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "जा. काम कर," म्हणाले.

हुकूम फेब्रुवारीत आला. मालूनं तो तीन ठिकाणी उभी राहून वाचला. कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं, फक्त नाव, हुद्दा आणि कायम. संध्याकाळी तिनं तो आईला वाचून दाखवला. कोंडाबाईनं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. "आता कुणी काढू शकत न्हाय न्हवं?"

"सहज न्हाय."

"सहज न्हाय," कोंडाबाई पुटपुटली. दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली नाही.

मालू त्या मशीनवर काम करत राहिली. पण रोज सकाळी फ्लॉपी खाचेत घालून खटका ओढला, की आत गुरगुर सुरू व्हायच्या आधीचा तो क्षण असे. तेवढ्या वेळात तिचे कान वाळूचा आवाज शोधत. मग पडदा उजळे, आणि ती कामाला लागे.